कॉम्प्रेसर गेला म्हणे. कशावरून?

गेल्या महिन्यात आमच्या अकरा वर्षांच्या फ्रीजनं गार करणं सोडलं. आतला दिवा लागत होता, पण मागची नेहमीची घरघर बंद. तिच्याऐवजी दर दोन-चार मिनिटांनी एक 'टक्'. अख्खी रात्र मी अंथरुणात पडून ते टक् मोजत होते.

सकाळी मेकॅनिक आला. मागे वाकला, कॉम्प्रेसरला हात लावला आणि म्हणाला, "ताई, कॉम्प्रेसर गेला. यात आता पैसे घालू नका, नवाच घ्या." बॅगेतलं मीटर बॅगेतच राहिलं. मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणाला, "पंधरा वर्षं हेच काम करतोय मी." असेल. पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

ही पोस्ट त्या 'कशावरून'बद्दल आहे. लांबली आहे. ज्यांचा फ्रीज धडधाकट आहे त्यांनी निम्मी वाचून सोडली तरी माझी हरकत नाही.

दुसरा मेकॅनिक भावाच्या ओळखीनं आला. त्यानं आधी प्लग काढला, कॉम्प्रेसरच्या बाजूचं झाकण उघडलं, तीन पिनांवर बसलेला काडेपेटीहून लहान असा रिले खेचून काढला आणि माझ्या कानाजवळ हलवला. खुळखुळ्यासारखा वाजला. "संपला हा," म्हणाला. आत सिरॅमिकची एक चकती असते. सुरू होताना ती मोटरला क्षणभर जादा धक्का देते, तापली की स्वतःच वाट बंद करते. ती फुटली की मोटर जागची हलत नाही, नुसता करंट खेचत राहते. मग शेजारचा ओव्हरलोड, म्हणजे मोटर वाचवणारा छोटा स्विच, तापून लाइन तोडतो. तेच ते टक्. तो थंड झाला की पुन्हा तेच. (फार जुन्या फ्रीजमध्ये कॉईलचा रिले असायचा. त्यात आतला तुकडा हलतोच, त्यामुळे खुळखुळ्याची परीक्षा तिथं चालत नाही.)

टक् ऐकून कॉम्प्रेसर ठीकच आहे असंही म्हणता येत नाही, हेही त्यानंच सांगितलं. आतून जाम झाला असेल तर आवाज असाच येतो. आतली तारेची गुंडाळी जळाली असेल तरीही मोटर सुरू होत नाही. जाम मीटरला कळत नाही, पण गुंडाळीचा दोष कळतो, म्हणून त्यानं तिन्ही पिनांवर मीटर लावलं. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरमध्ये गणित सोपं आहे: तीनपैकी दोन जोड्यांच्या रोधांची बेरीज तिसऱ्या जोडीइतकी यायला हवी, आणि कुठलीही पिन बॉडीला लागलेली नसावी. आमची बेरीज जुळली. नवा रिले आणि ओव्हरलोड बसवला, प्लग लावला, घरघर सुरू. दोन्ही मिळून जो खर्च आला तो नव्या कॉम्प्रेसरच्या तुलनेत चिल्लर. आणि आदल्या दिवशी मी नव्या फ्रीजसाठी ओट्याशेजारची जागा टेपनं मोजून ठेवली होती!

पहिला माणूस लबाड होता असं मला वाटत नाही. त्याला सवय झाली होती, आणि आपण त्याला कधी विचारत नाही.

कॉम्प्रेसरनंतर दुसरं आवडतं निदान म्हणजे "गॅस संपलाय". यावर माझं मत ठाम आहे: फ्रीजमधला गॅस संपत नाही. ती काही पेट्रोलची टाकी नाही. कॉम्प्रेसरपासून फ्रीजरपर्यंतची नळी कारखान्यात झाळून बंद केलेली असते, आणि तोच गॅस त्याच नळीत वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता गॅस भरणारा माणूस पुढच्या भेटीची तारीखच ठरवून जातो. नीट काम करणारा आधी नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून गळती शोधेल, ती बंद करेल, फिल्टर बदलेल, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढेल, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरेल. मोजून म्हणजे खरोखर ग्रॅममध्ये. किती ग्रॅम आणि कोणता गॅस हे स्टिकरवर छापलेलं असतं. नव्या घरगुती फ्रीजमध्ये हा आकडा बहुधा शंभराच्या आतच असतो. एवढ्याशा हिशेबात अंदाजपंचे चालत नाही.

कोणता गॅस हेही महत्त्वाचं. आर-12 ओझोनचा थर खातो म्हणून 1987च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्यानं बंद झाला, त्याच्या जागी आर-134ए आला आणि आता आर-600ए. हा आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, लायटरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. ओझोनला निरुपद्रवी, पण पेट घेणारा. स्टिकरवर ज्वाळेचं चिन्ह असेल आणि समोरचा माणूस खिडकी न उघडता झाळायचा गॅसचा टॉर्च पेटवत असेल, तर त्याला तिथंच थांबवा. संकोच करू नका.

आता 'वर बर्फ, खाली गरम' हा प्रकार. फ्रीजर दगडासारखा गोठलेला आणि खालच्या कप्प्यात सगळं कोमट. यालाही गॅसच म्हणणारे भेटले आहेत. पण फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बहुतेक वेळा थंडावा तयार होतो एकाच ठिकाणी, फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड, आणि पंखा तो खाली ढकलतो. वर गोठतंय म्हणजे थंडावा तयार होतोय. तो खाली पोहोचत नाही, हा खरा प्रश्न. एक तर पंखा बंद असेल किंवा पत्र्यामागे बर्फाची भिंत उभी राहिली असेल. ती भिंत होऊ नये म्हणून दर काही तासांनी एक हीटर थोडा वेळ चालून बर्फ वितळवतो. त्याचा टायमर, बायमेटल (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच), फ्यूज किंवा तो हीटर स्वतः, यातलं काहीही एक गेलं की भिंत वाढत जाते.

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा: फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दारं उघडी ठेवून दिवसभर तसाच सोडा, खाली जुने टॉवेल पसरा. नंतर चालू केल्यावर चार-सहा दिवस उत्तम चालला आणि मग परत तेच रडगाणं सुरू झालं, तर तुमचा संशय डीफ्रॉस्टवर, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या त्या व्यवस्थेवर, जायला हवा. आमच्या आईच्या फ्रीजचं नेमकं हेच होतं. टायमर बदलला, विषय संपला. त्याआधी तिच्याकडे दोनदा गॅस भरून झाला होता.

बरं, कोणता भाग गेला ते कळलं. तो मिळतो का? इथं खरी फरफट सुरू होते. रिले, टायमर, बायमेटल असल्या गोष्टी बऱ्याच कंपन्यांच्या एकमेकांत चालतात, फक्त क्षमता आणि जोडणी जुळली पाहिजे. दाराचं रबर, बिजागरी, ट्रे, कप्प्याची काच आणि सर्किट बोर्ड मात्र मॉडेलला चिकटलेले. त्यासाठी मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर बरोबर लागतो. दारावर चमचमणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते नुसतं नाव. खरा नंबर आतल्या भिंतीवर, खालच्या ट्रेच्या मागे किंवा पाठीमागे कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर. शेवटचं एखादं अक्षर किंवा आडवी रेघ सोडली तर दुसऱ्याच फ्रीजचा भाग घरी येतो. भागाला स्वतःचाही एक नंबर असतो. जुना नंबर बंद होऊन त्याच भागाला नवा दिलेला असू शकतो, म्हणून 'उपलब्ध नाही' ऐकलं की लगेच हताश न होता "याच्याऐवजी कोणता नंबर आलाय?" एवढं विचारायचं.

आमच्याकडे मी दर पंधरा दिवसांनी फ्रीज आतून पुसते. अकरा वर्षं पुसते आहे. स्टिकरही पुसते. तेव्हा रबर मागवायची वेळ आली तर नंबरमधलं एक अक्षर इंग्रजी बी आहे की आठ, हेच समजेना. मी आठ सांगितलं. नवऱ्यानं बी सांगितलं होतं. पुढचं ओळखा.

तुमच्या स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा, मी आज पुसणार नाही.

रबराबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याचंच होतं. त्याच्या पोटात लोहचुंबकाची पट्टी असते. पूर्वी फ्रीजच्या दाराला बाहेरून खटका असायचा, आतून ते उघडत नसे. खेळता खेळता आत लपलेली मुलं गुदमरून गेल्याच्या घटना घडल्या, आणि अमेरिकेत 1956 साली कायदा झाला की दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे. खटके जाऊन चुंबकाची दारं रुळली ती त्यानंतर. म्हणजे हे रबर निव्वळ गारवा धरून ठेवायला आलेलं नाही. जुना फ्रीज कोपऱ्यात टाकून देणार असाल तर त्याची दारं काढून ठेवा, विशेषतः त्याला खटका असेल तर.

रबर तपासायचं असेल तर कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सहज सुटली तर तिथं फट आहे. चारही बाजूंनी बघा, खालचा कोपरा बहुधा आधी जातो. पण लगेच नवं मागवू नका. आधी कोमट साबणाच्या पाण्यानं खाचांतली चिकट घाण काढा. दबलेला, वळलेला भाग हेअर ड्रायरनं जपून शेकून बोटानं सरळ करा. आणि बिजागरीचा प्लास्टिकचा बुश बघा. तो झिजला की दार लोंबतं, आणि दोष उगाच रबरावर जातो. शेवटी बदलायचंच ठरलं तर मॉडेल नंबरसोबत लांबी-रुंदी आणि रबराच्या काटछेदाचा फोटोही पाठवा. काही रबरं खाचेत दाबून बसतात, काही स्क्रूच्या पट्टीनं.

युरोपियन संघानं फ्रीजसाठी 1 मार्च 2021 पासून एक नियम लागू केला आहे. त्या मॉडेलचा शेवटचा फ्रीज बाजारात आल्यापासून किमान 7 वर्षं थर्मोस्टॅट, सेन्सर, सर्किट बोर्ड दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत. हँडल, बिजागऱ्या, ट्रे थेट ग्राहकालाही मिळाले पाहिजेत, आणि दाराचं रबर तर किमान 10 वर्षं. हे वाचून मला हेवा वाटला. इतकी साधी गोष्ट आहे! गळक्या रबरापायी पन्नास-साठ किलोचं यंत्र भंगारात जातं, ते काही तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे नाही. कुणीतरी रबर बनवणं थांबवलं म्हणून जातं. गॅरंटीचे आकडे मोठ्या टायपात छापणाऱ्यांनी 'सुटे भाग अमुक वर्षं मिळतील' ही एक ओळ छापावी, मी पहिला प्रश्न तोच विचारून फ्रीज घेईन.

देखभालीचं मात्र फार काही नाही. मागे किंवा खाली जाळी दिसत असेल तर सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून ब्रशनं धूळ झाडायची. जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्याआड आहे. तो पत्रा गरम लागतो आणि तसाच लागायला हवा, घाबरून कुणाला बोलावू नका. भिंतीपासून थोडी जागा सोडायची. आत साधारण 4 अंश, फ्रीजरमध्ये उणे 18. खालच्या ट्रेखाली पाणी साचलं तर मागच्या भिंतीतलं पाणी जायचं भोक तुंबलंय, कोमट पाणी सोडलं की बहुधा मोकळं होतं. प्लग काढला तर पाचेक मिनिटं थांबून लावायचा, आतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

आणि सुरी. हात जोडून सांगते, फ्रीजरमधला बर्फ सुरीनं, उलथन्यानं, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका. साध्या, एका दाराच्या फ्रीजमध्ये त्या बर्फाच्या लगेच मागे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो आणि त्यातूनच गॅस वाहतो. फुस्स असा बारीक आवाज येतो आणि मघाशी सांगितलेलं ते भोक तुमच्या हातानं पडलेलं असतं. हा आवाज मी स्वतः ऐकलाय, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या हातातली सुरी घेऊन धुऊन जागेवर ठेवली.

आमचा फ्रीज सध्या व्यवस्थित चालू आहे. बीवालं रबरही परवा आलं आणि बसलं. आठवालं मात्र कपाटामागे उभं आहे, परत घेत नाहीत. पांढऱ्या रंगाचं, खाचेत दाबून बसणारं, 1120 बाय 520 मिलिमीटर. कुणाच्या दाराला बसत असेल तर कळवा, फुकट देईन. पण आधी स्टिकरचा फोटो पाठवा.