चौपाटी चकाचक, आणि मागे विहिरी नासतायत

2025 च्या डिसेंबरात आमच्याकडे नगराध्यक्ष आणि नगरसेवक निवडून आले. 2 तारखेला मतदान झालं, निकाल लागला 21 ला. अभिनंदनाचे बॅनर नाक्यावर अजून फडकतायत, त्यातल्या एकाने तर बसचं वेळापत्रक झाकलंय. ते असो. नव्या मंडळींकडून पहिली मोठी घोषणा कानावर आली ती 'चौपाटी सुशोभीकरण, टप्पा दोन'. म्हणून हे लिहायला बसलो.

गावाचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये उगाच पक्षांची भांडणं लागतात. रायगडच्या किनाऱ्यावरचं छोटं शहर, एवढं पुरे.

आधीच सांगतो, मी पर्यटनाच्या विरोधात नाही. वाडीतल्या दोन खोल्या मीच शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतो, घर त्याच्यावर चालतं. पण टप्पा एकमध्ये काय झालं ते बघा. वाळूच्या कडेला गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं, मधे लाल बदाम, रात्री तो बदाम पेटतो. बाजूला पेव्हर ब्लॉक, दिव्यांचे खांब, बाकडी, प्रत्येक बाकड्याच्या पाठीवर 'यांच्या प्रयत्नातून'. आणि अक्षरांच्या मागे पन्नास पावलांवर स्वच्छतागृह, त्याला कुलूप. ठेका संपला, नवा निघाला नाही, किल्ली कुणाकडे ते कोणी सांगत नाही. मुंबईहून चार तास गाडीत बसून आलेल्या बायका काय करत असतील याचा विचार उद्घाटनाला हार घालून उभ्या राहिलेल्यांपैकी एकाने तरी केला असेल का?

पण हे सगळं निदान दिसतं तरी. खरा घोळ आळीत आहे.

आमच्या घरांची ठेवण ठरलेली. रस्त्याला लागून घर, मागे वाडी, वाडीत नारळ-सुपारी, मधे विहीर, आणि वाडी संपली की समुद्र. जमीन सगळी पुळणीची, म्हणजे वाळूची, पाणी ओतलं की सर्रकन खाली जातं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत वाड्या आडव्या झाल्या. सुपारी नव्याने लावली तर पीक हातात यायला सहा-सात वर्षं. तेवढी कळ काढायला पैसे कोणाकडे होते? खोल्या बांधल्या तर पुढच्या दिवाळीला पैसा. म्हणून जिथे पोफळी होत्या तिथे खोल्या उठल्या. माझ्याही त्यातल्याच. आता प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम, आणि गावात भुयारी गटार नाही. म्हणजे प्रत्येक वाडीत सेप्टिक टँक, कुठे नुसताच शोषखड्डा, आणि त्याच पुळणीत काही हातांवर शेजाऱ्याची विहीर. पूर्वी ज्या विहिरीचं पाणी देवाला चालायचं, तिच्यात आता मे महिन्यात पोहरा सोडला की वर येताना वास येतो. शेजारच्या काकूंनी विहिरीवर जाळी टाकून कुंड्या मांडल्यात. पिण्याला नळ, आणि नळ उन्हाळ्यात दिवसाआड.

टाक्या उपसायला नगरपरिषदेची एक गाडी आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत नंबर लावावा लागतो. ती गाडी भरल्यावर कुठे रिकामी होते, हे मी कार्यालयात विचारलं. उत्तर आलं, "योग्य त्या ठिकाणी."

याला लोकप्रतिनिधी फक्त नालायक आहेत म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांच्यातले निम्मे माझ्या ओळखीचे आहेत, रात्री-अपरात्री अँब्युलन्ससाठी फोन केला तर धावणारे आहेत. गोम पैशाच्या वाटेत आहे. छोट्या नगरपरिषदेची स्वतःची घरपट्टी-पाणीपट्टी पगार, वीजबिलं आणि किरकोळ दुरुस्त्यांत जिरते. मोठा पैसा वरून येतो, राज्याच्या नगरोत्थान योजनेतून, जिल्हा नियोजनातून, 'वैशिष्ट्यपूर्ण कामां'साठीच्या विशेष अनुदानातून. वैशिष्ट्यपूर्ण! आता मैला उपसायच्या दुसऱ्या गाडीत, तिच्या डिझेलमध्ये आणि ड्रायव्हरच्या पगारात वैशिष्ट्य काय दाखवणार? वरचा निधी येतो तो मुख्यतः नवं काही बांधायला. बांधलेलं चालवायचं गावाने, आपल्या खिशातून. म्हणून स्वच्छतागृह बांधलं जातं, फीत कापली जाते, आणि पाणी, झाडू, माणूस यांची तरतूद नसल्याने वर्षात कुलूप लागतं. ठेकेदाराचं भलं बांधण्यात, नेत्याचा फोटो फीत कापण्यात.

मच्छी मार्केटचंही तेच. नवी इमारत झाली, टाइल्स लावलेले ओटे, वर पत्रा. मावश्या बसतात मात्र बाहेर रस्त्यावर, छत्र्या लावून. एकीला विचारलं तर म्हणाली, "आत वंगाळ पाणी साचतंय, ते काय डोक्यावरून नेऊ? नळ आहे, त्याला पाणी नाही. गिऱ्हाईक दारातूनच परत जातं." आत जाऊन बघितलं. फरशीचा उतार गटाराकडे नाहीच, आतल्या कोपऱ्याकडे आहे. बांधायच्या आधी यांच्यातल्या एकीला नकाशा दाखवला असता तर पाच मिनिटांत सांगितलं असतं तिने. आता रस्ता अडवला म्हणून अधूनमधून पथक येतं आणि त्यांच्याच पाट्या उचलायला लावतं. चौपाटीच्या नव्या कट्ट्यामुळे होड्या वर ओढायची जागा गेली, ती तक्रार वेगळीच. ज्यांच्या होड्यांचे फोटो पर्यटनाच्या जाहिरातीत छापतात, त्यांना त्याच होड्या ठेवायला जागा नाही.

1965 च्या नगरपरिषद कायद्यात कामं दोन भागांत आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, गटारं, सफाई, मैल्याची विल्हेवाट, रस्त्यावरचे दिवे बंधनकारक. बागबगीचे ऐच्छिक. आमच्याकडे हा कायदा मागच्या पानापासून वाचतात बहुधा.

मधली चार वर्षं तर नगरसेवकच नव्हते. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटनेत लिहिलेलं असून प्रशासक बसले होते. आणि कटू आहे पण खरं आहे, गावातल्या बऱ्याच जणांना त्यात फारसा फरक जाणवला नाही. दाखल्यावर सही कोणाची घ्यायची, एवढाच. निवडून आलेल्यांनी यावर खरं तर नीट बसून विचार करायला हवा. मुरुडला गारंबीच्या धरणातून पाणी येतं, ती सोय जंजिऱ्याच्या नवाबाच्या काळातली. त्याला कधी मतं मागायची नव्हती, तरी पाण्याची सोय करून गेला.

वेंगुर्ल्याने दहा वर्षांपूर्वी उलटा रस्ता धरला होता. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना घराघरांतून कचरा वेगळा करून घेतला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, आणि कचरा डेपोची झाली बाग. बाहेरगावचे लोक चक्क कचरा डेपो बघायला येऊ लागले. म्हणजे गटार-कचऱ्याचं काम केलं तर फोटो मिळत नाही, हेही खरं नाही. फक्त तो दोन-तीन वर्षांनी मिळतो, आणि रोज सकाळी सहाला वॉर्डात फिरावं लागतं. आपल्याकडे रोज फिरायची तयारी फक्त प्रचारात असते.

टप्पा दोन थांबवा असं मी म्हणत नाही, आलेला निधी परत जावा असं कोणाला वाटेल? पण अर्थसंकल्प सभेपुढे येईल तेव्हा बांधलेल्या गोष्टींच्या देखभालीला वेगळा पैसा ठेवा. मैल्याची दुसरी गाडी घ्या आणि ती कुठे रिकामी होते ते लेखी सांगा. आळीतल्या विहिरींचं पाणी मेमध्ये तपासून निकाल फलकावर लावा. आम्हा खोलीवाल्यांकडून त्यासाठी जादा कर घ्यायचा असेल तर घ्या, मी देईन. आमच्यातले काही जण माझ्यावर चिडतील, चिडू देत.

हे सगळं माझ्या प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांना कागदावर लिहून दिलंय, एक प्रत कार्यालयातही दिली. पोचेवर शिक्का मिळायला पाऊण तास लागला, कारण शिक्का दुसऱ्या टेबलावर होता आणि ते टेबल चौपाटीवर मोजमापाला गेलं होतं.