सह्या करून दिल्या, म्हणजे गाडी सुटली?

जुनी गाडी विकणाऱ्यांसाठी एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर वरचेवर फिरत असतो. गोषवारा असा: नाव बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, आरसी देऊन टाका, बाँडवर ताबा पावती नोटरी करून घ्या आणि मोकळे व्हा. गाडी नावावर करायची की नाही ही घेणाऱ्याची डोकेदुखी. विमा गाडीबरोबर आपोआप जातो. चलान आलंच तर पावती दाखवा. फार झालं तर पाचशे रुपये दंड. बाकी सगळी एजंटांनी घातलेली भीती.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच माणूस फसतो.

‘नाव बदलणं घेणाऱ्याचं काम.’ मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५० दोघांनाही कामाला लावतं. विकणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांच्या आत. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात, पण सोबत एनओसीचं, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्राचं, काम येतं. घेणारा हलला नाही म्हणून विकणाऱ्याची मुदत थांबत नाही.

फॉर्म २९ एकदा नुसता वाचून पाहा. ते विकणाऱ्यानं आरटीओला लिहिलेलं पत्र आहे: अमुक तारखेला, अमुक नंबरची, अमुक चेसिस आणि इंजिन नंबरची गाडी मी अमुक माणसाला विकून ताब्यात दिली. आता प्रत्यक्षात काय होतं? मधला माणूस म्हणतो, ‘‘साहेब, नाव आणि तारीख कोरी राहू द्या, गिऱ्हाईक लागलं की भरतो.’’ आपण खाली सही ठोकतो. कुणाला विकली आणि कधी, एवढंच सांगायला तो कागद आहे. नेमक्या त्याच दोन जागा रिकाम्या. शिवाय आरटीओत जायचं पत्र जातं मधल्या माणसाच्या बॅगेत. मग गाडी कोऱ्या फॉर्मवर तीन-चार हात फिरते आणि दप्तरी नाव तुमचंच राहतं.

‘बाँड आहे, म्हणजे मालक तोच.’ खरी गोम इथे आहे. विक्री झाली, ताबा दिला की वस्तूची मालकी घेणाऱ्याकडे जाते, हे वस्तू विक्रीच्या १९३० च्या कायद्याप्रमाणे बरोबर. पण मोटार वाहन कायदा मालक कुणाला म्हणायचं ते कलम २(३०) मध्ये स्वतंत्रपणे ठरवतो: सर्वसाधारणपणे, ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. अपघात झाला की हाच कायदा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. मूळ मालकानं २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी हात बदलत गेली, आरसीवर मात्र पहिलंच नाव. २००९ मध्ये अपघात झाला, एक जीव गेला, आणि गाडीचा विमा नव्हता. उच्च न्यायालयानं भरपाई नंतरच्या एका खरेदीदारावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती नोंदणीकृत मालकावर, म्हणजे दोन वर्षांपूर्वी गाडी विकून बसलेल्या माणसावर आणली. अपघातग्रस्तानं न नोंदलेल्या व्यवहारांची साखळी शोधत हिंडायचं का, हा न्यायालयाचा मुद्दा. मला तो पटतो. ज्याचं माणूस गेलंय त्यानं तुमचा बाँड का वाचावा?

बाँड रद्दी आहे असं नाही. पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर तो कामाला येतो, भरलेले पैसे खरेदीदाराकडून वसूल करायचे झाले तरी येतो. पण आधी भरायची वेळ तुमच्यावर.

‘विमा आपोआप जातो.’ थर्ड पार्टीचा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, जातो, कलम १५७ प्रमाणे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. विमा कंपनीकडे तो नावावर करून घ्यावा लागतो. आणि विम्याची मुदत संपल्यावर नव्या माणसानं तो भरलाच नाही, तर वरच्या निकालासारखीच गत.

‘चलान आलं तर पावती दाखवा.’ कॅमेरा नंबर टिपतो, नंबरावरून नाव, नावावरून तुमचा मोबाइल. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगणं कलम १३३ खाली तुमचं कर्तव्य आहे आणि तिथे पावती दाखवता येते, हे मान्य. पण दर चलानाला तेच करायचं का? त्यात नव्या मालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा गाडी घेऊन निघाला तर कलम १९९अ आहे: पालक किंवा गाडीचा मालक, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्याला ठाऊक नव्हतं हा बचाव आहे, पण तो सिद्ध आपणच करायचा.

‘दंड पाचशेच.’ आकडा ठीक आहे. कलम १७७ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० पर्यंत, पुढे १,५०० पर्यंत. नाव बदललं नाही तर थेट तुरुंग, असे उलटे मेसेजही फिरतात; तेही खोटे. पण दंड किरकोळ म्हणून जोखीम किरकोळ, हा हिशेब कुठला?

गाडी डीलरला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून नियम सोयीचे झालेत. अधिकृत डीलरला गाडी दिल्याचं फॉर्म २९सी मध्ये आरटीओला ऑनलाइन कळवलं की पुढची विक्री होईपर्यंत मालक तो डीलरच धरला जातो. त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते मात्र बघून घ्या. गल्लीतल्या दलालाला हे लागू नाही.

आणि गाडी आधीच विकून बसलेले? एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघा. नाव तुमचंच निघालं तर खरेदीदाराचं नाव-पत्ता आणि खरी तारीख भरून फॉर्म २९ आरटीओत द्या, बाँडची प्रत जोडा, पोच घ्या, एक प्रत खरेदीदाराला स्पीड पोस्टानं पाठवा. एवढ्यानं नाव लगेच उतरेल असं नाही, त्यासाठी त्याचा फॉर्म ३० लागतो. पण आपण कळवलं होतं हे दाखवायला शिक्क्याचा कागद हातात राहतो. जुना फास्टॅगही बंद करून टाका, नाहीतर त्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.