‘पहिलं रॉकेट टिपूचं’: या फॉरवर्डमध्ये खरं किती, फुगवलेलं किती

नोव्हेंबरात टिपू जयंतीच्या आसपास हा मजकूर हमखास फिरतो. ब्राह्मोसची एखादी चाचणी झाली की पुन्हा वर येतो. दावे थोडक्यात असे: जगातलं पहिलं रॉकेट टिपू सुलताननं १७८० मध्ये बनवलं; त्याच रॉकेटांनी आजच्या तमिळनाडूतल्या पोल्लिलूरला इंग्रजांची फौज गारद झाली; इंग्रजांनी तो फॉर्म्युला चोरला आणि काँग्रीव्ह नावाच्या माणसानं तो स्वतःच्या नावावर खपवला; ‘नासा’च्या मुख्यालयात रॉकेटचा जनक म्हणून टिपूचं चित्र लावलं आहे; आणि आजची सगळी क्षेपणास्त्रं, ब्राह्मोससुद्धा, त्याच तंत्रावर चालतात.

यातलं एकही वाक्य निव्वळ थाप नाही, आणि जसंच्या तसं खरंही एकही नाही. म्हणूनच हा मजकूर इतका टिकून आहे.

‘जगातलं पहिलं रॉकेट’

नाही. दारू भरलेली नळी बाणाला बांधून उडवण्याची विद्या चीनची. १२३२ मध्ये मंगोलांनी कायफेंगला वेढा घातला तेव्हा आतल्या सैन्यानं वापरलेली ‘उडती अग्नी’ची हत्यारं रॉकेटं होती की आग ओकणारे भाले, यावर इतिहासकारांत वाद आहे. चौदाव्या शतकातल्या चिनी युद्धग्रंथांतली रॉकेटं मात्र वादापलीकडची आहेत. कोरियात १४५१ च्या सुमारास राजा मुनजोंगच्या काळात ‘ह्वाछा’ नावाचा दोनचाकी गाडा तयार झाला, एकाच वेळी शंभर रॉकेटबाण सोडणारा. १५९३ मध्ये हेंगजूच्या लढाईत कोरियन सैन्यानं तो जपान्यांविरुद्ध वापरला. म्हणजे नुसतं रॉकेटच काय, एकदम अनेक रॉकेटं डागणारा लाँचरसुद्धा टिपूच्या आधी तीनशे वर्षांचा आहे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडच्या जुन्या कागदांत जेजाला, सुतरनाळा अशा हलक्या तोफा-बंदुकांच्या जोडीनं ‘बाण’ येतात, ते धनुष्याचेच असतात असं नाही; दारूचे बाण, म्हणजे रॉकेटंही, असतात. मुघलांच्या लष्करात बाण होते, मराठ्यांकडेही होते. पानिपतावर नजीबखानाचे रोहिले दोन-दोन हजार बाण एकदम सोडत होते, असं शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजानं लिहून ठेवलं आहे. ती लढाई जानेवारी १७६१ ची. टिपू तेव्हा दहा वर्षांचा होता.

खुद्द त्याच्या घरातही हे हत्यार आधीपासून होतं. टिपूचे आजोबा, म्हणजे हैदर अलीचे वडील, फतेह मुहम्मद अर्काटच्या नवाबाकडे बाणदारांच्या एका छोट्या तुकडीचे नायक होते, असं सांगतात.

‘१७८० मध्ये पोल्लिलूरला रॉकेटांनी इंग्रजांना हरवलं’

१० सप्टेंबर १७८० ला पोल्लिलूरला इंग्रजांच्या कर्नल बेलीची तुकडी कापली गेली, हे खरं. पण म्हैसूरची गादी तेव्हा हैदरची होती. टिपू राज्यावर आला १७८२ च्या डिसेंबरात. बेलीचे दारूगोळ्याचे गाडे मध्येच उडाले आणि तिथे लढाईचा नूर पालटला. ते बाणानं पेटले की तोफेच्या गोळ्यानं, याबद्दल एकवाक्यता नाही. शिवाय बेलीला घेरलं होतं ते मोठ्या घोडदळानं आणि तोफखान्यानं. सगळं श्रेय एका हत्याराला देणं म्हणजे हैदरच्या सेनापतित्वावर पाणी फिरवणं झालं.

बाणांचा खरा धाक कुठे दिसतो? एप्रिल १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ सुलतानपेठच्या राईत. रात्रीच्या काळोखात कर्नल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन, आपली पलटण घेऊन तिथे शिरला आणि बाण व बंदुकांच्या माऱ्यात गोंधळून मागे फिरला. फॉरवर्डवाले इथेच थांबतात. दुसऱ्या दिवशी जास्त कुमक घेऊन त्यानं तीच राई काबीज केली, आणि महिनाभरात, ४ मे रोजी, श्रीरंगपट्टण पडलं. घोडी बुजवायला, बैलांचे तांडे उधळायला, पायदळाची रांग मोडायला बाण उत्तम. तट फोडायला किंवा नेमका नेम साधायला ते कुचकामी होते.

मग म्हैसूरनं नवं काय केलं?

फॉरवर्डमध्ये हे येतच नाही आणि मला राग आहे तो याचाच. नवी होती ती नळी.

त्या काळी युरोपात रॉकेटची नळी कागदाच्या लगद्याची असे, इतरत्र कागदाची किंवा बांबूची. बंदुकीची दारू दाबाखाली जास्त झपाट्यानं जळते. जितका दाब जास्त, तितका मागून निघणारा झोत जोरदार. पण कागद आणि बांबू तो दाब सोसत नाहीत, फुटतात. म्हणून दारू बेतानं भरायची आणि पल्ला तोकडा ठेवायचा. म्हैसूरच्या लोहारांनी ठोकून काढलेल्या मऊ लोखंडाच्या नळ्या वापरल्या. आता दारू घट्ट ठासता येऊ लागली, नळी फुटेना, आणि पल्ला दोन किलोमीटरपर्यंत गेला. त्या वेळच्या युरोपीय रॉकेटांना हे जमत नव्हतं.

इंग्रजांनी लंडनजवळच्या वूलिचला, आपल्या शस्त्रागारात, नेलेल्या दोन नमुन्यांची मापं प्रा. रोद्दम नरसिंह यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतून १९८५ मध्ये काढलेल्या अभ्यासात दिली आहेत. एकाची नळी ५८ मिलिमीटर व्यासाची, २५४ मिलिमीटर लांब, आणि ती मीटरभर लांबीच्या तलवारीच्या पात्याला बांधलेली. दुसरी ३७ मिलिमीटरची, १९८ मिलिमीटर लांब, बांबू मात्र १.९ मीटरचा. दिवाळीतल्या रॉकेटला काडी असते त्याच कारणासाठी हा बांबू: मागे लांब शेपूट असलं की रॉकेट उड्डाणात कोलांट्या खात नाही. पात्याचा आणखी एक उपयोग होता. दारू संपून बाण खाली आला की ते गरगरत माणसांत शिरायचं.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे व्यवस्था, आणि इथे टिपूचा वाटा खरोखर मोठा आहे. त्याच्या लष्करी नियमांत प्रत्येक कुशूनला, म्हणजे ब्रिगेडला, दोनशे बाणदार नेमलेले होते. नळीचा व्यास आणि शत्रूचं अंतर पाहून बाण किती तिरका लावायचा, हे त्यांना शिकवलेलं असे. बाण आधी सगळ्यांकडेच होते. त्यांची अशी कवायती शाखा दुसऱ्या कुणी उभी केल्याचं दिसत नाही. १७९०-९२ च्या युद्धात पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूनं म्हैसूरवर गेले, तेव्हा मराठी फौजांपुढेही हीच शाखा उभी होती.

त्या लोहारांपैकी एकाचंही नाव फॉरवर्डमध्ये नसतं. ‘टिपूनं बनवलं’ म्हटलं की भट्टीपुढचा माणूस आपोआप पुसला जातो.

‘इंग्रजांनी फॉर्म्युला चोरला’

श्रीरंगपट्टणला शेकडो तयार बाण आणि हजारो रिकाम्या नळ्या इंग्रजांच्या हाती लागल्या आणि नमुने वूलिचच्या शस्त्रागारात गेले. विल्यम काँग्रीव्हनं १८०४ च्या सुमारास तिथेच प्रयोग सुरू केले. त्याचे वडील त्याच शस्त्रागाराच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तेव्हा नमुने त्याच्या नजरेखालून गेले नाहीत असं मानणं अवघड आहे. प्रेरणा म्हैसूरची, यात मला शंका नाही.

पण दारूचा फॉर्म्युला चोरण्यासारखा नव्हताच. सोरा, गंधक, कोळसा. युरोपला तो कित्येक शतकं ठाऊक होता. काँग्रीव्हनं लोखंडी नळी उचलली आणि पुढचं काम स्वतः केलं: ठरावीक वजनाच्या श्रेणी, यंत्रानं सारखी ठासलेली दारू, जहाजावरून आणि जमिनीवरून डागायच्या चौकटी. १८०६ मध्ये फ्रान्सचं बूलोन्य बंदर आणि १८०७ मध्ये कोपनहेगन या रॉकेटांनी पेटवलं. हाती लागलेलं हत्यार उघडून पाहणं आणि सुधारून वापरणं ही प्रत्येक लष्कराची रीत आहे. टिपूही फ्रेंच कारागिरांकडून तोफा-बंदुका बनवून घेत होताच. त्याला कुणी चोर म्हणत नाही.

‘नासाच्या मुख्यालयात चित्र’

चित्र होतं, पण मुख्यालयात नाही. डॉ. अब्दुल कलाम साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्रशिक्षणासाठी अमेरिकेत गेले असताना व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरच्या तळाच्या स्वागतकक्षात त्यांनी ते पाहिलं. रॉकेटं उडत असलेली लढाई, आणि ती सोडणारे सैनिक गोरे नव्हेत. ती टिपूची फौज होती, हे त्यांनी आत्मचरित्रात अभिमानानं लिहिलं आहे. एका लढाईचं चित्र भिंतीवर लावणं आणि ‘जनक’ म्हणून मान्यता देणं यात फरक आहे.

‘आजची क्षेपणास्त्रं त्याच तंत्रावर’

मागे वायू फेकला की वस्तू पुढे जाते, एवढंच समान आहे, आणि तो नियम कुणाच्या मालकीचा नाही.

मधल्या पायऱ्या पाहा. १८४४ मध्ये विल्यम हेलनं रॉकेटला स्वतःभोवती फिरवून स्थिर केलं आणि शेपटाची काठीच काढून टाकली. मध्ये आवळून पुन्हा रुंद होणारं नोझल, म्हणजे झोत बाहेर पडायचं तोंड, आलं ते वाफेच्या टर्बाइनसाठी, स्वीडनच्या द लाव्हालकडून. १६ मार्च १९२६ ला रॉबर्ट गोडार्डनं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या व्ही-२ क्षेपणास्त्रात दिशेचं भान ठेवणारा जायरोस्कोप आणि झोतात फिरणारी ग्रॅफाइटची पाती आली, म्हणजे उड्डाणात दिशा बदलता येऊ लागली. यातलं काहीही म्हैसूरच्या नळीत नव्हतं, आणि नसण्यात कमीपणाही नाही.

ब्राह्मोसचं उदाहरण तर फारच चुकीचं निवडलंय. ते ओनिक्स या रशियन क्षेपणास्त्रावर आधारलेलं आहे, आणि त्याचा दुसरा टप्पा रॉकेटच नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेणारं रॅमजेट इंजिन आहे. तुलनाच हवी असेल तर पिनाका घ्या. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं घडवलेला हा लाँचर २१४ मिलिमीटरची बारा रॉकेटं ४४ सेकंदांत सोडतो. एकेका रॉकेटच्या नेमापेक्षा एकदम पडणाऱ्या माऱ्यावर भर, हा विचार बाणदारांच्या तुकडीशी जुळतो. इंधन, नोझल, पंख, नेम धरणारा संगणक यांपैकी काहीच जुळत नाही.

आणि एक ताजी पुरवणी

२०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे एका पडक्या विहिरीत हजाराच्या आसपास गंजलेले बाण सापडले. शोध खरा आणि मोलाचा आहे. पण त्या बातम्यांत नळ्यांमध्ये मॅग्नेशियमची पूडही होती असं आलं, आणि लगेच ‘टिपूला आधुनिक इंधन माहीत होतं’ असा नवा मजकूर निघाला. मॅग्नेशियम धातू पहिल्यांदा वेगळा केला हम्फ्री डेव्हीनं, १८०८ मध्ये, टिपूच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. विहिरीतल्या गाळात दोन शतकं पडलेल्या नळीत मॅग्नेशियमचे क्षार आढळले, तर ते गाळातून आलेले असण्याचीच शक्यता जास्त.