पोरांकडे बघून गप्प राहा

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. विवाहितेने सासरच्या छळाची फिर्याद दिली, तर अतिगंभीर गुन्हे वगळता दोन महिने अटक नाही आणि तोवर प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे. तेव्हापासून गोव्यात फोंड्यातल्या आणि डिचोलीतल्या माझ्या माणसांत दोन तट आहेत. एकाला कायद्याचा गैरवापर दिसतो, दुसऱ्याला वाऱ्यावर सोडलेली बाई दिसते. इथे इंग्लंडमधल्या स्विंडनला बसून दोघांचंही वाचताना मला विचारावंसं वाटतं, ते दोन महिने पोरं कुठे झोपणार?

आपल्याकडे या प्रकरणांत मुलाचं नाव निघतं ते आईचं तोंड बंद करायला. "पोरांकडे बघून गप्प राहा." सासू सांगते, माहेरची सांगतात, पंचही सांगतो. ज्याच्यासाठी गप्प राहायचं ते पोर दाराआड उभं राहून सगळं ऐकत असतं, हे कुणी बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याच्या हिंसेचं देशाचं प्रमाण 29 टक्क्यांच्या आसपास आहे आणि गोव्याचं त्याहून बरंच कमी. याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण तो प्रश्न बायकांना विचारलेला असतो. मुलांना कुणी विचारलेलंच नाही.

मी इथे एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 2021च्या कायद्याने घरातली हिंसा बघणारं, ऐकणारं किंवा तिचे परिणाम भोगणारं मूल स्वतःच पीडित मानलं जातं. त्याच्या अंगावर वळ असायलाच हवेत असं नाही. त्याच्याही आधी, 2011 मध्ये, प्लिमथला 'ऑपरेशन एन्कम्पास' सुरू झालं. रात्री पोलीस एखाद्या घरी गेले आणि तिथे शाळकरी मूल असलं, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी शाळेतल्या एका ठरलेल्या व्यक्तीला कळवायचं. ती व्यक्ती मुलाला काही विचारत नाही. गृहपाठ राहिला तर कुणी ओरडत नाही, भूक लागली असेल तर खायला मिळतं, संध्याकाळी न्यायला कोण येणार याकडे लक्ष असतं. पोट दुखतंय म्हणून वर्गाबाहेर येणारं मूल बहाणा करत नसावं, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्याने किती फरक पडतो ते मी रोज बघते.

तरी इथलं सगळंच चांगलं नाही. इथल्या आपल्या बायका पोलिसांपेक्षा सोशल सर्व्हिसेसला, म्हणजे मुलांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याला, जास्त घाबरतात. "बोललीस तर पोरं काढून नेतील," ही नवऱ्याची ठरलेली धमकी असते आणि ती अगदीच निराधारही नसते. मार खाणाऱ्या आईलाच "तू मुलाला का वाचवलं नाहीस" असं विचारणारे अधिकारी इथेही आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेलीला तर सरकारी मदत सहसा आपोआप मिळत नाही. गोव्यात निदान माहेर दोन तासांवर असतं. तिथल्या सिव्हिल कोडप्रमाणे, म्हणजे गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवऱ्याच्या मालमत्तेत तिचा अर्धा वाटा असतो. घर सासऱ्याच्या नावावर आणि वाटण्या झालेल्या नसल्या की तो वाटा कागदावर राहतो, हेही खरं.

कायद्यात आपण मागे नाही. 2005च्या घरगुती हिंसाचार कायद्यात त्याच घरात राहण्याचा हक्क आहे, मुलांची पोटगी आणि तात्पुरता ताबा आहे, अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असंही म्हटलंय. 2003च्या गोवा बाल कायद्याने मुलाच्या मानसिक छळालाही छळच मानलंय. पण 2005च्या कायद्याखाली अशा बाईला मदत करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचं काम गोव्यात गटविकास अधिकाऱ्याच्या गळ्यात घातलं गेलं. रस्ते, गटारं, पंचायतींचे हिशेब बघणाऱ्या माणसाने घाबरलेल्या बाईसाठी आणि तिचा पदर धरून उभ्या पोरासाठी वेळ कुठून आणायचा? त्याचा दोष नाही, पण हे पूर्णवेळ काम आहे.

शाळेला कळवण्याची पद्धत मात्र जशीच्या तशी आणू नये. सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर पोलिसांचा निरोप शाळेत आला, तर दुपारपर्यंत तो देवळाच्या पायरीवर पोचेल. मास्तर नवऱ्याचा मावसभाऊही निघू शकतो. म्हणून निरोप फक्त एकाच प्रशिक्षित व्यक्तीला मिळावा, तोही तपशिलाशिवाय, आणि ती कोण हे आईला आधी सांगावं. आईला बाजूला ठेवून मुलाला सावरता येत नाही. ती सुरक्षित झाली, तिची झोप परत आली, की पोरही सावरू लागतं. तिच्याकडे महिलांसाठीचा 181 आणि मुलांसाठीचा 1098 हे मदतीचे नंबर असावेत, पण नवऱ्याच्या हाती लागणाऱ्या मोबाइलमध्ये नव्हे. ते शाळेतल्या बाईंकडे असलेले बरे.

आणखी एक गोष्ट गोवा सरकारने तातडीने बघावी. पीडित बायकांना तात्पुरता आसरा देणाऱ्या सखी केंद्रात आईसोबत मुलगी कुठल्याही वयाची राहू शकते, मुलगा मात्र ठराविक वयापर्यंतच. इथे इंग्लंडमधल्याही अनेक आश्रयगृहांत मोठ्या मुलग्यांना घेत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाला त्याच घरात बापापाशी ठेवून कुठली आई बाहेर पडेल? अशा आयांसाठी उत्तर आणि दक्षिण गोव्यात प्रत्येकी दोन-तीन स्वतंत्र खोल्यांची सोय हवी, जिथे थोरला मुलगाही तिच्यासोबत राहू शकेल.