सूर्यापेक्षा गरम आत्याबाई

मे महिन्यात ग्वाल्हेरला लग्न काढणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही, कारण ते माझे सख्खे दीर आहेत आणि मी लिहिलेलं सगळं वाचतात. तर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरात पुण्याचं अख्खं वऱ्हाड, पारा 45 ला टेकलेला, बाहेर लू म्हणजे भाजून काढणारा वारा, आणि भर दुपारी लाइट गेली. कूलर बंद. सगळे एकाच हॉलमध्ये.

"तुमच्याकडचा सूर्यच मेला वेगळा आहे," आत्याबाई पदराने वारा घेत म्हणाल्या.

आमचा पुतण्या बीएस्सीला आहे, त्याला गप्प बसवत नाही. म्हणे, "आजी, सूर्याच्या अगदी मध्यावर एका घनमीटरमागे जेमतेम 275 वॉट उष्णता तयार होते, माणूस नुसता बसला तरी 100 वॉट सोडतो, म्हणजे आकारमानाच्या हिशेबात तुम्ही सूर्याच्या पाचपट!" आत्याबाईंना त्यातलं फक्त 'आकारमान' ऐकू आलं. पन्हं आत्ताच नको म्हणाल्या.

मग मलाच विचारावं लागलं की बाबा रे, तिथे दीड कोटी डिग्री आहे ना? तर आहे, पण तेवढ्यावरही दोन प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजनच्या अणूंची केंद्रकं, ती जुळली तरच उष्णता) एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, टनेलिंग नावाच्या चोरवाटेने आले तरी त्याच क्षणी एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, नाहीतर फिसकटलं. आमच्या वन्संच्या मुलासारखं, कांदेपोहे होतात, पुढे काही नाही. एकेका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं थांबावं लागतं (हे सगळं गणित हान्स बेथे नावाच्या शास्त्रज्ञाने 1939 साली मांडलं, त्याच्याकडे बहुतेक पाहुणे नसावेत). पण प्रोटॉनच इतके की तरीसुद्धा सेकंदाला 60 कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातल्या 40 लाख टनांची सरळ ऊर्जा. ती आतल्या आत धडपडत हजारो वर्षांनी पृष्ठभागावर येते, तिथून आमच्या गच्चीवर यायला मात्र आठच मिनिटं. म्हणजे हे ऊन किल्ल्याचा पहिला दगड बसायच्याही आधी निघालेलं, आणि पोचायला त्याला हाच मुहूर्त सापडला!

"मग गाभा एवढा तापतो कसा?"

"वरून एवढ्या थरांचं दडपण, आणि आतली उष्णता चटकन बाहेर पडायला वाटच नाही. एकटा माणूस थंड होतो गं काकू, वीसेक जण चिकटून बसले की मधल्याचं काही खरं नाही."

मधे मी होते. डावीकडे व्याही घोरत होते, उजवीकडे आत्याबाई, अजून फुगलेल्या.