'कामगार टंचाईवर सात रामबाण उपाय': एकेक बाण तपासून

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'कामगार मिळत नाहीत? हे सात उपाय करा, महिन्यात शॉप फुल्ल!' लिहिणाऱ्याचं नाव नाही. शेवटी 'प्रत्येक मालकाने वाचावे' आणि जोडलेले हात, एवढंच. माझ्या मेहुण्याचं बावीस माणसांचं मशीन शॉप आहे. त्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'दाजी, दुसरा मुद्दा सोमवारपासून चालू करतोय, काय म्हणताय?' म्हणून हा खटाटोप.

मेसेजचा सारांश असा. एक, सरकारी योजनांनी लोक आळशी झालेत, त्यामुळे माणूस मिळत नाही. दोन, कामावर घेताना मूळ कागदपत्रं ठेवून घ्या आणि ऊसतोडीसारखी उचल देऊन बांधा, म्हणजे गडी पळत नाही. तीन, अर्धं शॉप अप्रेंटिसवर चालवा, ना पीएफ ना ईएसआय (कामगार विमा). चार, आयटीआयच्या पोरांना काही येत नाही, अनुभवीच घ्या. पाच, शेजारच्या शॉपचा ऑपरेटर दोन हजार जास्त देऊन ओढा. सहा, ठेकेदार नेमा, मग तुमची जबाबदारी संपली. सात, बायकांना शॉप फ्लोअरवर घेऊ नका.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, मालकाला आत घालणारा आहे.

आधी कागदपत्रं. दहावीची मार्कलिस्ट आणि आयटीआयचं सर्टिफिकेट कपाटात कोंडून माणूस थांबतो, हा समज कुठल्या काळातला आहे? बोर्डाची मार्कलिस्ट आज डिजिलॉकरवर निघते. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र पोर्टलवरून डाउनलोड होतं. मूळ प्रत हरवली तर दुय्यम प्रत मिळते. म्हणजे ज्याला जायचंय तो जाणारच. फरक इतकाच की तो सांगून जाणार नाही, 'गावाकडं काम हाय' म्हणून जाईल आणि फोन बंद करेल. सांगून जाणारा माणूस आठ-पंधरा दिवसांची सवड देतो, तेवढ्यात दुसरा बघता येतो. कागद अडकवून मालक ती सवड घालवून बसतो. शिवाय ज्या गावातून चार पोरं यायची, तिथं 'तो मालक कागदं दाबतो' ही बातमी एका आठवड्यात पोहोचते. ओळखपत्राची प्रत घ्या, मूळ कागद बघून तिथल्या तिथे परत द्या. पडताळणीला एवढं पुरतं.

आता उचल. इथे मी एकाच गोष्टीचा आधार घेतो, पण तो भक्कम आहे: १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा. लोकांना वाटतं वेठबिगार म्हणजे साखळदंड आणि वीटभट्टी. कायद्याची व्याख्या तशी नाही. आगाऊ रक्कम दिली आणि तिच्या बदल्यात माणसाने ठरावीक काळ दुसरीकडे काम करण्याचा किंवा मोकळेपणाने जाण्या-येण्याचा हक्क सोडला, की ती वेठबिगारी. त्याला पगार मिळत असला तरीही. कलम १६ प्रमाणे शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याहून महत्त्वाचं कलम १५: हे कर्ज वेठबिगारीचं आहे असा दावा झाला, तर तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर. आता 'पन्नास हजार उचल, दोन वर्षं सोडायचं नाही, कागदं मालकाकडे' असा स्टॅम्पपेपर डोळ्यांपुढे आणा. तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच मुद्रांकावर नोटरी करून ठेवलाय.

आणि उदाहरण कोणाचं दिलंय, तर ऊसतोडीचं! उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून मुकादमावर गुन्हा, ही बातमी दर हंगामात पेपरात असते. ज्या पद्धतीत पैसे बुडतात हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे, ती फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आणायची म्हणे.

अ‍ॅडव्हान्स देऊच नये असं नाही. घरभाडं, डिपॉझिट, लग्नकार्य यासाठी द्यावाच लागतो. फक्त तो नोकरीच्या अटीशी बांधू नका. सहा हजार दिले तर दरमहा एक हजाराचे सहा हप्ते, बिनव्याजी, पगारपत्रकात दिसणारे. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाहीत, हे ध्यानात ठेवा. मध्येच सोडून गेला तर उरलेली रक्कम हिशेबातून वळती करा, राहिली ती बुडाली समजा. हिशेब मात्र अडवायचा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काम सोडणाऱ्याचे पैसे कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागतात. माणूस टिकवायचाच असेल तर उलट करा: सहा महिने पूर्ण झाल्यावर ठरलेली रक्कम, वर्षाला त्याहून मोठी, नियुक्तिपत्रात लिहून. आधी देऊन अडवण्यापेक्षा नंतर देऊन थांबवणं स्वस्त पडतं आणि कायद्यातही बसतं.

तिसरा मुद्दा, अप्रेंटिस. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य. शिकाऊ उमेदवाराला पीएफ-ईएसआय लागू नाही, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार भरतं. पण 'अर्धं शॉप' कुठून आलं? २०१९ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे प्रमाण आहे एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, ठेकेदाराची माणसं धरून. तीस किंवा जास्त माणसं असतील तर हे बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. चाळीस माणसांच्या शॉपला जास्तीत जास्त सहा अप्रेंटिस. वीस नव्हेत.

बाकी तीन ठिकाणी मालक हमखास अडकतो. करार सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदलेला नसेल तर तो पोरगा अप्रेंटिस ठरत नाही, कामगार ठरतो, आणि तपासणीत मागची सगळी पीएफ-ईएसआय वर्गणी निघते. त्याला ओव्हरटाइमला थांबवायचं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते. तिसरी गोष्ट सगळ्यात महाग: ईएसआय नाही म्हणजे अपघात झाला की भरपाई थेट मालकाच्या खिशातून. पहिल्या महिन्यात प्रेसवर किंवा ग्राइंडरवर नवख्याला एकटं उभं केलं आणि बोट गेलं, तर वाचवलेला पीएफ कुठल्या कुठे जाईल. कामगार भरपाईची विमा पॉलिसी अप्रेंटिसचा समावेश करून घ्या, ती पहिल्या दिवसापासून चालू हवी.

चौथ्या मुद्द्यावर जरा थांबतो. 'आयटीआयच्या पोरांना काही येत नाही.' हेही अर्धं खरं. दोन वर्षं टर्नर किंवा मशिनिस्ट केलेल्या पोराला फाइल, व्हर्नियर, ड्रॉइंग येतं. पण तुमच्या मशीनचा कंट्रोल त्याने फारसा हाताळलेला नसतो, आणि 'सायकल टाइम' (एका जॉबला लागणारा वेळ) हा शब्द त्याला कोणी सांगितलेला नसतो. पण मालकाला तरी नक्की कोण हवाय? बहुतेक जाहिरातींत 'सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर पाहिजे, अनुभवी' एवढंच असतं. ऑपरेटर जॉब (घडवायचा भाग) लावतो, काढतो, मोजतो, वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेपोटी मापातली छोटी दुरुस्ती) देतो. सेटर टूल बसवतो, झिरो (मोजमापाचा आरंभबिंदू) घेतो, पहिला जॉब पास करून देतो. मालकाला हवा असतो सेटर, पगार ठरवतो ऑपरेटरचा, आणि माणूस आला नाही की म्हणतो टंचाई आहे. आठ मशीनला पाळीत एक चांगला सेटर असेल तर बाकी जागांवर आयटीआय पास पोरं दीड-दोन महिन्यांत तयार होतात. टंचाई खरी आहे ती सेटरची. तो बाहेर शोधण्यापेक्षा आतल्या हुशार ऑपरेटरमधून घडवणं सोपं.

अनुभव कागदावर बघू नका, हातात बघा. पाऊण तासाची परीक्षा पुरते. टेबलावर पाच टर्न केलेले जॉब ठेवा, त्यातला एक मुद्दाम मापाबाहेरचा. मायक्रोमीटर द्या आणि नुसतं बघत बसा. जाणता माणूस आधी मायक्रोमीटरची तोंडं पुसतो, झिरो तपासतो, मग मोजतो, तेही रॅचेटने (ठरावीक दाबालाच घसरणाऱ्या टोकाच्या मुठीने). जो थेट शिकंज्यासारखा आवळतो त्याचं पुढचं सगळं तसंच असतं. मग विचारा: ३५ मिलिमीटरचा बाहेरचा व्यास ३५.०४ आला, काय करशील? एक्स अक्षात वेअर ऑफसेटला उणे ०.०४, कारण बहुतेक टर्निंग सेंटरवर प्रोग्रॅम व्यासात असतो. उणे ०.०२ म्हणणारा त्रिज्येत विचार करतोय, त्याला शिकवता येईल. अधिक म्हणणारा जॉब आणखी मोठा करेल. आणि जो जिओमेट्री ऑफसेटच (टूलची मूळ जागा सांगणारं माप) बदलायला जातो त्याला मशीनपासून लांब ठेवा, स्पिंडल महाग असतं. शेवटी एक दिवस चालू मशीनवर बघा, आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या. फुकट ट्रायल घेणाऱ्या शॉपचं नाव ऑपरेटरांच्या ग्रुपवर आधीच गेलेलं असतं.

आयटीआयकडे जाताना निकाल लागल्यावर जाऊ नका. तोपर्यंत चाकण आणि रांजणगावच्या कंपन्या पोरं उचलून गेलेल्या असतात. कळंब्याच्या शासकीय आयटीआयला दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जा, प्राचार्यांना आणि ट्रेडच्या निदेशकांना भेटा. आपल्याकडचे दहा-वीस रिजेक्ट जॉब आणि जुनी ड्रॉइंग सरावाला द्या. ड्युअल (आयटीआय आणि कारखाना दोन्हीकडच्या) पद्धतीच्या प्रशिक्षणाचा करार केला तर पोरं शिकत असतानाच ठरावीक काळ तुमच्या शॉपमध्ये येतात. एकट्याला जमत नसेल तर लगतची चार शॉपं मिळून करार करा. मोल्डिंगसाठी (वाळूचे साचे बनवायला) माणूस हवा असेल तर फाउंड्रीमन ट्रेड एक वर्षाचा आहे, पण तिकडे पोरं कमी वळतात. खरा मोल्डर वाळू मुठीत दाबून ओल सांगतो, आणि ते तो जुन्या मोल्डरच्या शेजारी उभं राहूनच शिकतो. म्हणून साठीला आलेल्या मोल्डरला रिटायर करू नका, दोन पोरं हाताखाली देऊन अर्ध्या पाळीला बोलवा.

पाचवा मुद्दा, दोन हजारांनी ओढा. गणित करा. एक ऑपरेटर आणला, पगाराचा आकडा चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत फुटला. बावीस माणसांना तेवढंच वाढवायचं तर महिन्याला ४४ हजार. तोवर शेजाऱ्याने तुमचे दोघे ओढले. एमआयडीसीत माणसं तितकीच राहिली, दर तेवढे वाढले.

सहावा मुद्दा ठेकेदार. 'जबाबदारी संपली' हे धादांत खोटं. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा, पीएफ भरला नाही तर वसुली मुख्य मालकाकडून. बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचा ईसीआर (कोणाचा किती पीएफ भरला त्याची यादी) मागा आणि त्यातली नावं गेटच्या हजेरीशी ताडून बघा. वीस माणसांच्या बिलामागे तेरा नावं निघणं नवीन नाही. बिहार-ओडिशाची टोळी असेल तर छठ, होळी आणि उन्हाळ्यातली लग्नसराई कॅलेंडरवर आधीच लावा, परतीच्या रेल्वे तिकिटाचा खर्च उचला आणि निम्मी-निम्मी माणसं सोडा. सगळी एकदम गेली की फर्नेस थंड पडते, मग दोष 'परप्रांतीयां'ना.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २१ ते ६५ वयाच्या बाईच्या खात्यात जातात. त्याने शिरोलीतला फिटर कसा आळशी झाला? आणि दीड हजारांसाठी कोणी तुमची नोकरी नाकारत असेल, तर नोकरीत काहीतरी बघण्यासारखं आहे.

सातवा मुद्दा त्याहून सोपा. कोअर शॉप (साच्यात घालायचे वाळूचे गाभे बनतात तो विभाग), तपासणी, सीएनसी, असेंब्ली इथे बायका आत्ताच काम करतात. अडचण असते ती वेगळी: स्वच्छतागृहाला कडी नसते, कपडे बदलायला जागा नसते, जड जॉब उचलायला होइस्ट नसतो. होइस्ट लावला तर पुरुषांचीही कंबर वाचते.

या सातांत जे नाहीच ते आता. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. तेव्हा पेठ वडगावला किंवा हातकणंगल्याला जायला गाडी कुठली? पोराकडे मोटारसायकल नसेल तर तो तुमच्याकडे येऊच शकत नाही, पगार कितीही असो. लगतच्या तीन-चार शॉपनी पाळीच्या वेळा जुळवून एक मिनीबस ठरवली तर खर्च वाटला जातो, आणि शोधायचा पट्टा दहा किलोमीटरवरून पंचवीसपर्यंत जातो. जाहिरातीत मग हे सगळं लिहा: मशीन आणि कंट्रोल कुठला, ऑपरेटर हवा की सेटर, हातात पडणारा पगार, ओव्हरटाइमचा दुप्पट दर, पाळ्या, बस कुठून सुटते, पगाराची तारीख. 'आकर्षक पगार' लिहू नका, तो वाचून कोणी फोन करत नाही. आणि फोन घ्यायला संध्याकाळी पाच ते सात माणूस बसवा. पहिल्या पाळीत दुसरीकडे काम करणारा ऑपरेटर फोन करू शकतो तो तेव्हाच.