शेपटी नसली तरी जिवाणू सरकतात

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सतत फिरत असतो: ‘जिवाणू कशाभिकेने, म्हणजे शेपटीने हलतात. तिचं जनुक काढलं की ते जागचे हलत नाहीत. आणि प्रयोगशाळेत जी जात आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरत नाही, तिला निसर्गातही पसरता येत नाही.’ हा मजकूर लोक परीक्षेत जसाच्या तसा लिहितात, म्हणून हा खुलासा.

‘कशाभिकेचं जनुक’ असं एकच नसतं. ई. कोलायमध्ये या कामाला जवळपास ५० जनुकं लागतात. हा मुद्दा इथेच संपतो.

शेपटीशिवाय हालचाल नाही, हे तर साफ चूक. गनोरियाच्या जिवाणूला कशाभिकाच नसते, तरी तो पृष्ठभागावर सरकतो. पिलस नावाचा बारीक धागा तो पुढे फेकतो, धागा चिकटला की आत ओढून घेतो आणि त्याबरोबर स्वतः खेचला जातो. स्यूडोमोनासही याच पद्धतीने सरकतो. धागा लांबवतं ते पिल-बी हे प्रथिन, आत ओढतं ते पिल-टी. पिल-टीचं जनुक मोडलं की पेशीवर धाग्यांचं रान माजतं, पण पेशी तिथेच अडकून राहते. हे डोळ्यांनी बघता येतं. काडीने जिवाणू १ टक्का आगरमधून थेट प्लेटच्या तळाला टोचायचे, दुसऱ्या दिवशी आगर उचलून क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग ओतायचा. सरकणाऱ्यांचं रुंद जांभळं वर्तुळ दिसतं, पिल-टी नसलेल्यांचा नुसता ठिपका.

मिक्सोकोकस या मातीतल्या जिवाणूने तर सरकण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा बाळगल्या आहेत, हे हॉजकिन आणि कायझर या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं. एक मोडली तरी दुसरी चालते. एक जनुक मोडलं की दोन्ही बंद पडतात, हेही खरं. पण ते जनुक एमजीएल-ए, आणि कशाभिका मिक्सोकोकसला नसतेच.

तिसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात प्रयोगशाळेतली जात म्हणजेच निसर्ग असं गृहीत धरलंय. बॅसिलस सबटिलिसची १६८ ही जात द्रवात छान पोहते, आगरवर मात्र थव्याने पसरत नाही. तिची रानटी भावंडं, उदाहरणार्थ ३६१०, भराभर पसरतात. फरक कुठे? १६८ मध्ये एसएफपी जनुक बिघडलेलं असल्याने पृष्ठभाग निसरडा करणारं सर्फॅक्टिन बनत नाही. शिवाय एसडब्ल्यूआर-ए जनुकातल्या ‘ए’ या डीएनए-अक्षराच्या सलग रांगेत एक ‘ए’ जास्त पडलाय, त्यामुळे जनुकाचं पुढचं सगळं वाचन एका अक्षराने सरकतं आणि ते बंद पडतं. ही चूक उलटही होते: एक ‘ए’ गळला की ते जनुक पुन्हा चालू होतं.